खाचराच्या पाण्यातील जिवाणुभक्षक

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना आषाढात जी भातखाचरे तुडुंब भरलेली दिसतात, त्यांतील पाणी गाडीत बसलेल्या प्रवाशाला एकजिनसी आणि निर्जीव भासते. परंतु त्या गढूळ पाण्याच्या एका चमच्यात जिवाणूंची आणि त्या जिवाणूंवरच उपजीविका करणाऱ्या विषाणूंची जी वस्ती नांदत असते, तिची गणती कोटींनी करावी लागते. हे विषाणू माणसाला बाधत नाहीत, गुराढोरांना बाधत नाहीत, भाताच्या रोपालाही प्रत्यक्ष बाधत नाहीत. त्यांचे भक्ष्य एकच, आणि ते म्हणजे जिवाणू. शास्त्रज्ञ त्यांना बॅक्टेरिओफाज किंवा नुसते फाज म्हणतात. आपण त्यांना जिवाणुभक्षक म्हणू. ठाणे जिल्ह्याच्या भातशेतीचा इतिहास आजवर सारा, जमाबंदी, जंगलहक्क आणि कुळकायदा यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. या अदृश्य रहिवाशांच्या अंगाने तो कोणी फारसा लिहिलेला नाही, आणि तसा तो लिहिण्याजोगा आहे असे मला मनापासून वाटते.

जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात भात हेच या मुलुखाचे मुख्य पीक म्हणून येते, आणि त्यात नवल काही नाही. सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीच्या खारजमिनीपर्यंत, मुरबाड-शहापूरच्या माळांपासून कल्याण-भिवंडीच्या सखल पट्ट्यापर्यंत, जिथे बांध घालून पाणी अडवता येते तिथे भात, हीच इथली पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. १८५४ साली आगगाडी कल्याणास पोहोचल्यावर आसपासचे भात कसब्यात येऊन सडले जाऊ लागले व तांदूळ होऊन मुंबईस रवाना होऊ लागला. हळवे, निमगरवे आणि गरवे अशा तिन्ही जातींचे भात आपापल्या मगदुराच्या जमिनीत लावले जाई. आणि या साऱ्या व्यवस्थेचा पाया होता राब.

राब म्हणजे काय, हे डोंबिवलीच्या आजच्या तरुण वाचकाला सांगावे लागेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. रोपवाटिकेसाठी राखलेल्या तुकड्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस शेणाचा थर पसरायचा, त्यावर ऐन-किंजळासारख्या झाडांचे कवळ रचायचे, त्यावर गवत आणि पालापाचोळा घालायचा, जाळ एकदम भडकून वाऱ्याने उडू नये म्हणून वरून बारीक मातीचा थर द्यायचा, आणि वारा पडलेला पाहून एका बाजूने आग लावायची. ही आग भडकत नाही, धुमसत राहते. तिच्या उबेने जमिनीचा वरचा थर भाजून निघतो. पहिल्या पावसाबरोबर त्याच भाजलेल्या जमिनीत दाणे फेकले की रोप जोमदार आणि तणविरहित उगवते, आणि पुढे त्याच्या मुठी बांधून चिखलणी केलेल्या खाचरात लावणी होते. झाडांच्या फांद्या तोडण्याच्या या प्रथेवरून सरकारचे जंगलखाते आणि रयत यांच्यात जो तंटा पेटला, त्याची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला १८८५ साली एक जंगल कमिशन नेमावे लागले आणि १८८७ साली त्याचा अहवाल बाहेर पडला. त्यात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या रयतेची राबाविषयीची गाऱ्हाणी ठळकपणे नोंदली गेली. राब हा रानटी नासधुशीचा प्रकार आहे, असे म्हणणारा एक पक्ष होता. राबावाचून भात होत नाही, हे रयतेचे म्हणणे होते.

या वादाला शास्त्रीय वळण दिले ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी. पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवरील त्यांचा प्रबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला. राखेतून मिळणारे खत हाच राबाचा सारा गुण, ही सोपी समजूत त्यांनी बाजूला ठेवली आणि माती तापल्यामुळे तिच्यात जे फेरफार घडतात त्यांकडे लक्ष वेधले. मातीला उष्णता दिली असता तिच्यातील सूक्ष्मजीवांची वस्ती विसकटते आणि पुन्हा नव्याने बसते, हा विचार त्याच सुमारास इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथेही पुढे आला होता. ठाण्याच्या कुणब्याने, आगऱ्याने आणि वारल्याने जी गोष्ट परंपरेने राखली होती, तिच्यामागे मातीतील सूक्ष्म जीवसृष्टीचा हिशेब आहे, ही ओळख या प्रबंधाने विद्वानांना करून दिली. आणि म्हणून मी तिला या मुलुखाच्या सूक्ष्मजीवशास्त्राचा आरंभ मानतो.

जिवाणुभक्षकांची स्वतःची कथा याच काळात परंतु अन्य ठिकाणी आकार घेत होती. आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हॅनबरी हँकिन यांनी १८९६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारण्याची शक्ती आहे, आणि पाणी उकळले म्हणजे ती नाहीशी होते. त्या शक्तीचे स्वरूप त्यांना उलगडले नव्हते. १९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना आणि १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स देरेल यांना, जिवाणूंना विरघळवून टाकणारा आणि एका पिढीतून दुसरीत संक्रांत होणारा घटक दिसला. देरेल यांनी त्याला बॅक्टेरिओफाज हे नाव दिले. पुढील दोन दशकांत हिंदुस्थान ही या शास्त्राची मोठी प्रयोगभूमी ठरली. पंजाबात आणि आसामात पटकीवर, तर आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत प्लेगवर, या विषाणूंचे प्रयोग झाले. ठाण्यापासून तासाभराच्या अंतरावर, १९३० च्या आगेमागे, जिवाणूंच्या या शत्रूंना काचेच्या नळ्यांत वाढवण्याचे काम चालू होते. परंतु ते माणसाच्या रोगासाठी. भाताच्या रोगासाठी त्यांचा विचार करण्याची वेळ अद्याप आली नव्हती.

परदेशात मात्र ती आली होती. अमेरिकेतील मिशिगन येथे १९२४ साली मालमन आणि हेमस्ट्रीट यांना आढळले की कुजलेल्या कोबीचा गाळून घेतलेला रस कोबीच्या काळ्या कुजीच्या जिवाणूंची वाढ थांबवतो. त्याच प्रांतात कून्स आणि कोटिला यांनी १९२५ साली गाजराच्या फोडींवर आणि बटाट्यावर जिवाणुभक्षक वापरून मऊ कुजीला आळा घातला. १९३५ साली टॉमस यांनी मक्याच्या बियाण्याला जिवाणुभक्षकाची प्रक्रिया करून मर रोगाचे प्रमाण १८ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आणले. हे आकडे आजही आशा वाढवणारे आहेत. परंतु शेतात हेच प्रयोग कधी साधत, कधी फसत. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके हाती आल्यावर या मार्गावरची वर्दळ ओसरली.

भारतात भाताच्या कडा करप्याची शास्त्रीय नोंद झाली ती या ओसरत्या काळात. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल या तिघांनी १९५९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात महाराष्ट्रातील भातावरच्या या जिवाणुजन्य रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात तो १९५१ च्या सुमारापासून आढळत होता. या तिघांपैकी एम. के. पटेल हे पुण्यात वनस्पतींच्या जिवाणुजन्य रोगांचा अभ्यास रुजवणारे आणि झँथोमोनास या कुळातील कित्येक नव्या जिवाणूंची ओळख पटवणारे संशोधक होते. जपानात तर शेतकऱ्यांना हा रोग १८८४ पासून परिचित होता. १९६३ साली बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात त्याने मोठा कहर केला, आणि पुढे बुटक्या, खताला हपापलेल्या जाती पसरल्या तेव्हा तो देशभरच्या भातपट्ट्यात बोकाळला.

रोगाची चाल समजून घेतल्यावाचून पुढचे कळणार नाही. भाताच्या पानाच्या कडेला सूक्ष्म जलरंध्रे असतात. पहाटे त्यांतून पाण्याचे थेंब पाझरतात आणि उन्हाबरोबर पुन्हा आत ओढले जातात. त्या वाटेने, किंवा वाऱ्यापावसाने पान फाटले असेल त्या जखमेतून, झँथोमोनास जातीचा जिवाणू पानाच्या जलवाहिन्यांत शिरतो आणि तिथेच वाढतो. पानाचा शेंडा आणि कडा प्रथम ओल्या, मग पिवळट, मग वाळलेल्या गवतासारख्या पांढुरक्या होतात, आणि हिरवा भाग व वाळलेला भाग यांमधील सीमा नागमोडी राहते. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडण्याची जिथे जिथे रीत आहे, तिथे रोपाच्या प्रत्येक मुठीबरोबर जखमांची आयती वाट जिवाणूला मिळते. हा करपा बुरशीचा की जिवाणूचा, हे ओळखण्याची एक परीक्षा कोणालाही करता येते: रोगट पानाचा तुकडा कात्रीने कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. जिवाणूचा रोग असेल तर कापलेल्या कडेतून दुधाळ धूर उतरावा तशी एक धार खाली येऊ लागते आणि काही वेळात पेल्यातील पाणी ढवळल्यासारखे गढूळ होते. ती धार म्हणजे निखळ जिवाणू. शेतात हीच धार पहाटेच्या दवाबरोबर पानाच्या कडेवर पिवळसर मण्यांच्या रूपाने दिसते. पाऊस आला की ते मणी खाचराच्या पाण्यात गळतात, आणि बांधाच्या मोरीतून एका खाचराचे पाणी खालच्या खाचरात उतरते तेव्हा रोगही उतरतो.

आता जिथे भक्ष्य तिथे भक्षक, हा सृष्टीचा नियम असल्यामुळे त्याच पाण्यात त्या जिवाणूचे जिवाणुभक्षकही वाढू लागतात. मस्तक मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाहूनही लहान, खाली बहुधा शेपटी, अशी त्यांची घडण. ते जिवाणूच्या भिंतीला चिकटतात, आपले जनुकद्रव्य आत सोडतात, जिवाणूच्याच यंत्रणेला आपल्या प्रती घडवण्याच्या कामाला जुंपतात, आणि काही वेळाने जिवाणू फुटून कित्येक नवे जिवाणुभक्षक बाहेर पडतात. जपानी संशोधकांनी या साध्या गोष्टीतून एक अतिशय बुद्धिमान युक्ती काढली. १९५४ साली क्यूशू विद्यापीठातील वाकिमोतो यांनी दाखवले की भातावरचा हा जिवाणू शोधायचा असेल तर जिवाणूचा पाठलाग करण्याऐवजी त्याच्या भक्षकाचा माग काढणे सोपे पडते. शेतातील पाण्याचा नमुना आणायचा, त्यातील इतर जिवाणू दूर करायचे, उरलेल्या पाण्याचा मोजका अंश प्रयोगशाळेत वाढवलेल्या झँथोमोनासबरोबर पातळ आगरात मिसळून काचेच्या थाळीत ओतायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती थाळी उजेडासमोर धरायची. जिवाणूंच्या पिवळट पातळ थरात चाळणीच्या भोकांसारखे स्वच्छ गोल ठिपके दिसतात. त्यांतील प्रत्येक ठिपका म्हणजे मूळ पाण्यातील एका जिवाणुभक्षकाची खूण. ठिपके मोजले की भक्षक किती हे कळते, आणि भक्षक वाढत असतील तर पानावर डाग दिसण्याआधीच रोग शेतात शिरला आहे हे कळते. जपानात हंगामातील पूर्वसूचनेसाठी या मोजणीचा उपयोग करण्यात आला. तिला मर्यादाही होत्या, कारण एक जिवाणुभक्षक जिवाणूच्या सर्वच वाणांना खात नाही, म्हणून थाळीत कोणता वाण घ्यावा यावर निष्कर्ष अवलंबून राहतो. तरीही औषध म्हणून ज्याची पत ओसरली होती त्या विषाणूला भाताच्या शेताने साक्षीदाराची जागा दिली, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटते.

इथे आपल्या मुलुखाचा एक योगायोग नोंदवणे भाग आहे. ज्या वर्षांत जपानात ही मोजणी सिद्ध होत होती, त्याच वर्षांत जपानी भातशेतीची लाट आपल्याकडे आली होती. बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात जपानी पद्धतीच्या भातलागवडीचे प्रयोग झाले, आणि १९५३ साली केंद्र सरकारने तिची देशव्यापी मोहीम उघडली. राबाच्या भाजणीऐवजी उंच गादीवाफे, फेकून पेरण्याऐवजी विरळ पेरा, दोरी धरून ओळीत लावणी, कोळपणी आणि भरपूर खत, ही तिची पंचसूत्री ठाणे-कुलाब्याच्या खेड्याखेड्यांत भित्तिपत्रकांनी आणि प्रात्यक्षिकांनी पोहोचवली गेली. उत्पन्न वाढले, हे निर्विवाद. परंतु नत्रखत जास्त झाले की कडा करपा बळावतो, हे आज प्रत्येक कृषी सहायक सांगतो. म्हणजे ज्या पद्धतीबरोबर धोका वाढणार होता, त्या पद्धतीच्याच मायदेशात त्या धोक्याची चाहूल घेण्याची रीतही तयार होत होती. पहिली गोष्ट आमच्या बांधापर्यंत आली, दुसरी प्रयोगशाळांच्या उंबरठ्यावर थांबली. भारतीय संशोधक तिच्याशी परिचित होते. परंतु तालुक्याच्या शेतकी अधिकाऱ्याने पावसाळ्यात खाचरांचे पाणी बाटलीत भरून तपासणीस पाठवावे आणि त्यावरून गावाला इशारा मिळावा, अशी व्यवस्था कधी उभी राहिली नाही. ती राहायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिच्या जागी आले ते औषध. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिरुमलाचार यांचे संशोधनही तिथेच बहरले. तिथल्या स्ट्रेप्टोसायक्लिनची सहा ग्रॅमची पुडी ताम्रयुक्त औषधाबरोबर पाण्यात मिसळून फवारायची, हा सल्ला महाराष्ट्राच्या भात, लिंबू आणि डाळिंब बागायतदारांच्या तोंडी बसला. ज्या औषधाने माणसाचा क्षय बरा करायचा, तेच शेतात शिंपडल्याने जिवाणू निर्ढावतात, ही भीती पुढे बळावली, आणि २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारने शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या बंदीचा मसुदा जाहीर केला. जिवाणुभक्षकांकडे जगाचे लक्ष पुन्हा वळण्यामागे हेच कारण आहे. अमेरिकेत २००५ साली टोमॅटो व मिरचीच्या जिवाणुजन्य ठिपक्यांवर वापरायच्या जिवाणुभक्षकाला सरकारी मान्यता मिळाली. फ्लोरिडातील संशोधकांनी दाखवले की हे विषाणू उन्हाने, विशेषतः अतिनील किरणांनी, लवकर मरतात. म्हणून त्यांची फवारणी सायंकाळी करावी, आणि त्यांत साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळली तर ते पानावर अधिक काळ तग धरतात.

परंतु या विषाणूंना केवळ मित्र समजणे योग्य नाही. ठाणे-रायगडच्या खाचरांत भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची जुनी चाल आहे; वालाच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र बांधतो, आणि पुढच्या भाताला त्याचा काही वाटा मिळतो. या उपकारक जिवाणूचेही भक्षक असतात. १९३५ साली फ्रान्समध्ये देमोलॉन आणि द्युनेझ यांनी लसूणघासाच्या जमिनी काही वर्षांनी थकतात याचा दोष अशाच जिवाणुभक्षकांवर ठेवला होता. तो सर्वस्वी सिद्ध झाला असे नाही, पण मुळांवरच्या गाठी कमी होण्यात त्यांचा हात असू शकतो हे मान्य झाले. कोकणातील वांगी आणि टोमॅटोच्या मर रोगाचे उदाहरण तर अधिक चमत्कारिक आहे. त्या रोगाच्या राल्स्टोनिया जिवाणूत तंतूसारखे काही जिवाणुभक्षक राहतात, ते जिवाणूला फोडत नाहीत, त्याच्या आत घर करून राहतात. हिरोशिमा विद्यापीठातील यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले की त्यांपैकी एका जातीची लागण झाली की जिवाणू पूर्वीपेक्षा अधिक घातक होतो, आणि दुसऱ्या जातीची झाली की त्याची रोग करण्याची शक्तीच खचते. एकाच कुळातील दोन विषाणू, एक रोगाचा साथीदार आणि दुसरा त्याचा वैरी. तेव्हा बाटलीत भरून विकायचा जिवाणुभक्षक कोणता, हे ठरवण्याआधी त्याची कुंडली नीट मांडावी लागते.

आणि ही कुंडली परदेशातून मागवता येत नाही. जिवाणूचे वाण मुलुखागणिक बदलतात, आणि त्यांचे भक्षकही त्यांच्याबरोबर बदलतात. मुरबाडच्या करप्याला खाणारा विषाणू मुरबाडच्याच पाण्यात मिळण्याची शक्यता सर्वाधिक. वाड्याच्या कोलमाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, भाताच्या जुन्या वाणांची जपणूक होऊ लागली, हे उचितच झाले. पण ज्या पाण्यात तो भात शतकानुशतके उभा राहिला त्या पाण्यातील जीवसृष्टीची एकही फेरिस्त तालुक्याच्या दप्तरात नाही. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाल्यापासून भोवतालची खाचरे भरावाखाली जाण्याचा वेग वाढतच गेला आहे. मलंगगडाच्या वाटेवर आणि डोंबिवलीच्या पूर्वेकडच्या गावांत जिथे लावणीची गाणी ऐकू येत, तिथे इमारती उभ्या आहेत. खाचर भरले की बांध जातो, बांधाबरोबर पाणी आणि पाण्याबरोबर तिथली वस्ती.

यासाठी लागणारी साधने मोठी नाहीत. १९१९ पासून भातावर काम करणारे कर्जतचे संशोधन केंद्र कल्याणहून लोकल गाडीच्या टप्प्यात आहे. ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत, आगर आहे, थाळ्या आहेत, आणि जिवाणुभक्षकांचे ठिपके मोजण्याचा प्रयोग विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सांडपाण्यावर करतातच. तोच प्रयोग श्रावण-भाद्रपदात खडवली, मुरबाड आणि शहापूरच्या खाचरांतील पाण्यावर करावा, नमुन्याबरोबर गाव, खाचर, भाताचा वाण आणि खताची मात्रा लिहून ठेवावी, मिळालेले विषाणू ग्लिसरीन घालून शीतपेटीत जतन करावे, आणि दरवर्षीची मोजणी त्याच वहीत पुढे चालवावी. दहा हंगामांची अशी वही तयार झाली, तर कडा करपा कोणत्या पावसानंतर, कोणत्या मोरीने, कोणत्या वाणात शिरतो हे सांगायला जपानी थाळ्यांचा आधार घ्यावा लागणार नाही.